घोडेस्वार उपदेशक आणि त्याचे घर

अमेरिकेच्या इतिहासात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला मेथडिस्ट उपदेशक आला की त्याच्याबरोबर घोडा येतोच. खोगिराला अडकवलेल्या पिशव्यांत बायबल, स्तोत्रांचे पुस्तक आणि मंडळीच्या नियमांची पुस्तिका, अंगावर पाऊस, समोर न संपणारे जंगल आणि सोबतीला कुणी नाही. या चित्राला एखादे नाव द्यायचे झाले तर बहुतेक अभ्यासक पीटर कार्टराइटचे देतील. केंटकीच्या रानात वाढलेला, जेमतेम शिकलेला, सभेत धिंगाणा घालणाऱ्यांना प्रसंगी हाताने बाहेर काढणारा आणि निवडणुकीत अब्राहम लिंकनशी दोनदा गाठ पडलेला हा माणूस होता. १८५६ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात त्याने आपल्या अर्धशतकाच्या कामाचा हिशेबही मांडला आहे: चौदा हजारांहून अधिक प्रवचने आणि बारा हजारांच्या घरात बाप्तिस्मे. हे आकडे वाचले की एकट्या माणसाच्या अचाट जिद्दीची कथा आपोआप मनात तयार होते. पण त्याच पुस्तकातले तपशील आणि त्याच्या कुटुंबाबद्दलचे इतर पुरावे एकत्र ठेवले तर ही कथा अपुरी वाटू लागते. कार्टराइट इतका काळ टिकला, कारण त्याच्यामागे आधी आईवडिलांचे आणि मग बायकोमुलांचे घर होते. ज्यांच्यामागे असे घर नव्हते, किंवा ज्यांना ते सांभाळत फिरता आले नाही, ते बहुधा काही वर्षांतच या कामातून बाहेर पडले.

त्यासाठी आधी हे काम चालत कसे होते ते पाहायला हवे. जॉन वेस्लीने इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या या पंथाची अमेरिकेतली स्वतंत्र मंडळी १७८४ साली बाल्टिमोरच्या परिषदेत स्थापन झाली. तिचा सर्वांत प्रभावी बिशप फ्रान्सिस ॲस्बरी. इतर पंथांत गाव वसायचे, चर्च बांधले जायचे आणि मग शिकलेला पाळक शोधून आणला जायचा. मेथडिस्टांनी क्रम उलटा केला. वस्ती होण्याची वाट न पाहता माणूस घोड्यावरून आधी पाठवायचा. त्याला एक फेरी नेमून दिलेली असे. तिला ते सर्किट म्हणत. या फेरीत वीस-पंचवीस ठिकाणे असायची आणि एक फेरा पूर्ण व्हायला चार ते सहा आठवडे लागायचे. तो नसताना गावातलाच एखादा शेतकरी किंवा लोहार भाविकांच्या छोट्या गटाचा प्रार्थनावर्ग चालवी. दर वर्षा-दोन वर्षांनी उपदेशकाची फेरी बदलली जाई. पगार १८०० सालापर्यंत वर्षाला चौसष्ट डॉलर होता, नंतर ऐंशी झाला आणि १८१६ पासून शंभर. तोही वर्गणी जमली तर. बऱ्याच वर्षी ती जमत नसे, आणि मग मोजे, लोकर, मक्याचे पीठ अशा रूपात जे हाती येईल त्यावर भागवावे लागे. या व्यवस्थेला खर्च फार थोडा लागे, हे तिच्या झपाट्याने पसरण्याचे मोठे कारण मानले जाते. ते खरेच आहे. पण मंडळीने जो खर्च केला नाही तो कुणीतरी केलाच असणार. तो कुणी केला, हे कार्टराइटच्या घरात शिरल्यावर कळते.

पीटरचा जन्म १ सप्टेंबर १७८५ रोजी व्हर्जिनियातल्या ॲम्हर्स्ट काउंटीत झाला. वडील अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते, पण धर्माशी त्यांचे फारसे देणेघेणे नव्हते. आई मात्र कट्टर मेथडिस्ट. १७९० च्या सुमारास हे कुटुंब मोठ्या तांड्याबरोबर डोंगर ओलांडून केंटकीत गेले आणि थोड्याच वर्षांत लोगन काउंटीत स्थिरावले. या भागाला लोक ‘बदमाशांचे बंदर’ म्हणत, कारण इतर राज्यांत खून, दरोडे आणि खोट्या नाण्यांचे गुन्हे करून पळालेले कित्येक जण तिथे आश्रयाला आले होते. यातली एक गोष्ट कादंबरीत घातली तर वाचक विश्वास ठेवणार नाही. पीटर शाळेसाठी ज्या डॉक्टर बेव्हर्ली ॲलनच्या घरी राहिला, तो स्वतः पूर्वाश्रमीचा मेथडिस्ट उपदेशक होता. १७९४ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे त्याने रॉबर्ट फॉर्सिथ या सरकारी मार्शलला गोळी घालून ठार केले होते आणि तो केंटकीत पळून आला होता. म्हणजे पुढे ज्या मुलाला सरहद्दीवरचा सर्वांत प्रसिद्ध उपदेशक व्हायचे होते, त्याला लहानपणी जवळून दिसलेल्या उपदेशकांपैकी एक फरारी खुनी होता.

घरात दोन टोके होती. बापाने मुलाला शर्यतीचा घोडा दिला आणि पत्त्यांच्या खेळात तो तरबेज होत होता, त्यालाही अडवले नाही. आईने मात्र फिरत्या उपदेशकांसाठी आपल्या लाकडी खोपटाचे दार उघडे ठेवले. त्या भागात फिरणाऱ्या जेकब लर्टनने याच खोपटात प्रवचन केल्याचे पीटरने लिहून ठेवले आहे. चर्चची इमारत तेव्हा नव्हतीच. मंडळी म्हणजे एखाद्या बाईने नवऱ्याच्या नाकावर टिच्चून झाडून-सारवून दिलेली जागा. केंटकीतल्या १८०१ च्या धर्मजागृतीबद्दल बोलताना सगळे केन रिजच्या ऑगस्टमधल्या मेळाव्याकडे बोट दाखवतात, आणि त्यात नवल नाही. त्या राज्यातल्या सर्वांत मोठ्या गावाची, लेक्सिंग्टनची, लोकसंख्या तेव्हा दोन हजारांच्या आत होती आणि मेळाव्याला दहा-वीस हजार लोक जमल्याचे अंदाज आहेत. पण सोळा वर्षांच्या पीटरचे मन पालटले ते केन रिजला नव्हे. एका लग्नातल्या नाचगाण्यावरून परतल्यावर तो अपराधी भावनेने झोपू शकला नाही, आणि आई रात्री उठून त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसली. पुढे कित्येक आठवडे ही तगमग चालली आणि शेवटी घराजवळच्या एका मेळाव्यात त्याला मनःशांती मिळाली. त्या तगमगीच्या दिवसांतच त्याने वडिलांना घोडा विकून टाकायला सांगितले आणि पत्ते आईच्या हाती दिले. तिने ते चुलीत घातले. हजारोंच्या मेळाव्यांचे वर्णन करणारे इतिहासकार या चुलीकडे फारसे वळत नाहीत.

बापाचे काय झाले, हा प्रश्न अधिक रंजक आहे. १८०२ मध्ये पीटरला बोध करण्याचा परवाना मिळाला आणि लवकरच तो पूर्णवेळ फिरू लागला. काही वर्षांनी ओहायो नदीकाठच्या मॅरिएटा भागात त्याची नेमणूक झाली. वर्षअखेरीस घोडा आंधळा झाला होता, खोगीर फाटले होते, कपड्यांवर ठिगळे इतकी होती की मूळ कापड कोणते ते ओळखू येईना, आणि खिशात पंचाहत्तर सेंट उरले होते. घर पाचशे मैलांवर. तो तसाच निघाला, वाटेत ओळखीपाळखीच्या आधाराने कसाबसा घरी पोहोचला. तिथे ज्या बापाला हा सगळा उद्योग पसंत नव्हता, त्याच बापाने त्याला ताजा घोडा, नवे खोगीर, कपडे आणि रोख चाळीस डॉलर दिले. ऐंशी डॉलरच्या कागदोपत्री पगाराशी ही रक्कम ताडून पाहावी. बिशपने त्या वर्षी पीटरला फेरी नेमून दिली, पण पुढच्या वर्षी तो घोड्यावर बसू शकला तो एका अश्रद्ध शेतकऱ्याच्या पैशाने. मंडळीच्या वार्षिक अहवालात या चाळीस डॉलरना जागा नव्हती.

इथे एक आक्षेप हमखास येईल. ॲस्बरी आयुष्यभर अविवाहित राहिला, उपदेशकांनी लग्न करू नये अशी त्याची इच्छा होती, आणि त्याचे बहुतेक तरुण सहकारी खरोखरच एकटे होते. मग एकट्या घोडेस्वाराचे चित्र चुकीचे कसे? आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला पहिला भाग मान्य करावाच लागेल. सुरुवातीची फळी अविवाहितांची होती. पण ती टिकली नाही, हा दुसरा भागही तितकाच नोंदवलेला आहे. काही जण तापाने आणि क्षयाने तरुणपणीच गेले. लग्न करणाऱ्यांपैकी अनेकांनी फिरणे सोडून एका जागी स्थायिक होण्याची परवानगी मागितली, कारण बायकोमुलांना जगवण्याइतका पैसा फेरीत मिळत नव्हता. ॲस्बरी या गळतीला कंटाळलेला असे. त्याने काढलेला अर्थ असा की संसार हा या कामाचा शत्रू आहे. मला तो अर्थ उलटा वाटतो. गळती झाली कारण मंडळीने घराचा भार उचलला नाही. ज्याने दोन्ही एकत्र चालवण्याची काही सोय शोधली, तो राहिला. कार्टराइटने १८ ऑगस्ट १८०८ रोजी फ्रान्सिस गेन्सशी लग्न केले. तो तिचा एकोणिसावा वाढदिवस होता. त्याच वर्षी बिशप मकेंड्रीने त्याला एल्डरची दीक्षा दिली, आणि १८१२ पासून तो प्रिसाइडिंग एल्डर, म्हणजे अनेक फेऱ्यांवर देखरेख करणारा प्रमुख झाला. हे पद त्याने जवळजवळ आयुष्यभर सांभाळले. जिल्हा जेवढा मोठा तेवढे महिनोन्‌महिने बाहेर राहणे आले. या जोडप्याला सात मुली आणि दोन मुलगे झाले. शेत पेरणे, गुरे सांभाळणे, सूत काढणे, आल्यागेल्या उपदेशकांना जेवू घालणे ही कामे नवरा दूर असताना ज्या घरात होत राहिली, ते घर फ्रान्सिस चालवत होती.

उपदेशकाच्या निर्णयांवरही या घराचा किती प्रभाव असे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १८२४ च्या स्थलांतरात आहे. केंटकी हे गुलामगिरीचे राज्य होते. कार्टराइटला इलिनॉयला जायचे होते, आणि का जायचे याची कारणे त्याने स्वतःच क्रमाने दिली आहेत. गुलामगिरीपासून सुटका हवी. जिथे कष्ट करणे कमीपणाचे मानले जात नाही अशा ठिकाणी मुले वाढावीत. मुलांना थोडीफार जमीन घेऊन देता यावी. आणि नव्या वस्त्यांत शुभवर्तमान पोहोचावे. मुली वयात येत होत्या आणि त्या गुलाम बाळगणाऱ्या घरांत दिल्या जातील, ही धास्तीही त्याने लपवलेली नाही. नीट पाहिले तर या यादीत सुवार्ता शेवटी येते. इलिनॉयमध्ये १८२४ च्याच ऑगस्टमध्ये गुलामगिरीला वाट करून देण्यासाठी राज्यघटना बदलावी का यावर मतदान झाले होते आणि सुमारे सहा हजार सहाशे विरुद्ध पाच हजार मतांनी तो प्रस्ताव पडला होता. कुटुंब त्यानंतर निघाले. वाटेत जंगलात मुक्काम असताना पहाटे एक झाड कोसळले आणि झोपलेली तिसरी मुलगी सिंथिया जागीच गेली. तिला दक्षिण इलिनॉयमध्ये पुरून ते पुढे सँगमन भागात गेले आणि प्लेझंट प्लेन्सजवळ राहिले.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा बोचरा आहे. गुलामगिरी हे निमित्त होते, खरे कारण स्वस्त जमीन, असे कुणी म्हणेल. जमीन हे कारण होतेच, कार्टराइटने ते लपवले नाही. त्या जमिनीवर आधी किकापू लोक राहत होते आणि १८१९ च्या एडवर्ड्सव्हिल तहाने त्यांच्याकडून इलिनॉयमधला मुलूख काढून घेतला होता, याविषयी मात्र आत्मचरित्रात कुठलीही टोचणी नाही. सरहद्दीवरच्या धर्मप्रसाराचा कुठलाही गौरव करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. तरीही जमिनीमुळे गुलामगिरीचा मुद्दा खोटा ठरत नाही. १८४४ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वसाधारण परिषदेत बिशप जेम्स अँड्र्यू गुलामांचा मालक असल्याचा प्रश्न आला आणि त्यावरून मेथडिस्ट मंडळीचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे झाले, तेव्हा कार्टराइट उत्तरेच्या बाजूला होता. दुसरीकडे तत्काळ गुलाममुक्ती मागणाऱ्या चळवळ्यांवरही तो तितकाच तुटून पडे. ही भूमिका धीट नव्हती. ती एका बापाची भूमिका होती: आपली मुले या पापातून बाहेर काढायची, पण साऱ्या देशाशी वैर घ्यायचे नाही. ती आज आपल्याला अपुरी वाटते, आणि वाटायला हवी.

राजकारणातली त्याची कामगिरी थोडक्यात सांगता येईल. अँड्र्यू जॅक्सनच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा हा माणूस १८२८ आणि १८३२ मध्ये इलिनॉय विधानसभेवर निवडून आला. दुसऱ्या वेळी हरलेल्या उमेदवारांत तेवीस वर्षांचा अब्राहम लिंकन होता. १८४६ मध्ये काँग्रेसच्या जागेसाठी दोघे समोरासमोर आले आणि कार्टराइट ६,३४० विरुद्ध ४,८२९ मतांनी पडला. प्रचारात लिंकन धर्मद्रोही असल्याची कुजबुज झाली. लिंकनने एक पत्रक काढून आपण बायबलचे सत्य कधी नाकारलेले नाही असे सांगितले. सभेत कार्टराइटने लिंकनला तुम्ही कुठे जाणार असे विचारले आणि लिंकनने काँग्रेसमध्ये असे उत्तर दिले, हा किस्सा मात्र फार पुढच्या काळात सांगितला जाऊ लागला. समकालीन पुराव्यात तो सापडत नाही.

या दोघांची तिसरी गाठ पडली ती घरामुळे. १८५९ च्या जुलैमध्ये प्लेझंट प्लेन्सच्या एका औषधाच्या दुकानात कार्टराइटच्या मुलीचा मुलगा क्विन हॅरिसन आणि ग्रीक क्राफ्टन या तरुणांत मारामारी झाली. क्विनने चाकू मारला आणि दोन दिवसांनी क्राफ्टन मरण पावला. खुनाचा आरोप ठेवला गेला. क्विनच्या बाजूने स्टीफन लोगनबरोबर लिंकन उभा राहिला. मेलेला क्राफ्टन एके काळी लिंकनच्याच कचेरीत वकिली शिकत होता, त्यामुळे हा खटला लिंकनलाही सोपा नव्हता. निकाल एका साक्षीवर येऊन ठेपला. मरणशय्येवरच्या क्राफ्टनने क्विनला क्षमा केली आणि दोष स्वतःकडे घेतला, असे त्याच्या उशाशी बसलेल्या कार्टराइटने सांगितले. न्यायाधीश आधी ती साक्ष घ्यायला तयार नव्हते. लिंकनने त्यासाठी जोरदार युक्तिवाद केला. शेवटी ती ग्राह्य धरली गेली आणि ज्यूरीने क्विनची सुटका केली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी उपदेशक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता तो एकाच वेळी मरणाऱ्याचा पाळक आणि मारणाऱ्याचा आजोबा म्हणून. त्याच्या साक्षीत किती सत्य आणि किती आजोबा, हे आज कुणीच ठरवू शकत नाही. पण मारणाऱ्याच्या आजोबालाच मरणाऱ्याच्या उशाशी जागा मिळाली, ती पाळकाचे घर इतकी वर्षे या गावाजवळ होते म्हणून.

आता तिसरा आक्षेप, जो अभ्यासक अधिक गंभीरपणे घेतील. आत्मचरित्रात फ्रान्सिस आणि मुले फार थोडी येतात. माणसाने स्वतःच ज्यांना जागा दिली नाही त्यांना आपण मध्यभागी का आणावे? त्याचे उत्तर पुस्तकाच्या जातीत आहे. धर्मोपदेशकांची आत्मचरित्रे ही साक्ष देण्यासाठी लिहिली जात, आणि या पुस्तकावर तर मंडळीतल्याच डब्ल्यू. पी. स्ट्रिकलंड याने संपादकाचा हात फिरवला आहे. अशा पुस्तकात ईश्वर, पापी आणि उपदेशक एवढीच पात्रे लागतात. म्हणून त्यात घराविषयी जे थोडे निसटून आले, बापाचे चाळीस डॉलर, आईची चूल, मुलींच्या लग्नाची काळजी, ते अधिक विश्वासार्ह मानावे. ते मुद्दाम मांडलेले नाही. क्विनच्या खटल्याची रॉबर्ट हिटने लघुलिपीत घेतलेली नोंद हेही याचेच उदाहरण. तिची हस्तलिखित प्रत १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथे सापडली, ती क्विनच्या वंशजाच्या जुन्या घराच्या गॅरेजमध्ये. चर्चच्या दफ्तरात किंवा न्यायालयात ती नव्हती.

कार्टराइट अपवाद होता का, हे तपासायला महाराष्ट्राशी जोडलेले एक उदाहरण आहे. व्हर्जिनियातच जन्मलेला विल्यम टेलर १८४९ मध्ये सोन्याच्या गर्दीत सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि जुगाराच्या अड्ड्यांसमोरच्या चौकात उभा राहून उपदेश करू लागला. हाच टेलर पुढे मुंबईत आला, १८७१-७२ मध्ये त्याने तिथे मेथडिस्ट सभांची सुरुवात केली आणि तेव्हा मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे, ‘बॉम्बे गार्डियन’चे संपादक जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाले. काम पुण्यातही पसरले. पुण्यातल्या अशाच एका सभेत विल्यम ओल्डहॅम या सर्वेक्षण खात्यातल्या तरुणाचे मन पालटले आणि त्याने १८८५ मध्ये सिंगापूरची मेथडिस्ट मंडळी उभी केली. टेलरचा मोठा दावा असा की त्याचे काम स्वावलंबी आहे, अमेरिकेतून पैसा घेत नाही. तो आपला खर्च पुस्तके विकून भागवी, हे खरे. पण तो खंडोखंडी फिरत असताना बहुतेक वर्षे पत्नी ॲन कॅलिफोर्नियात मुलांना घेऊन घर चालवत होती. तिचे श्रम त्या स्वावलंबनाच्या हिशेबात धरले, तर दावा बराच बदलतो.

पीटर कार्टराइट २५ सप्टेंबर १८७२ रोजी प्लेझंट प्लेन्सजवळ वारला. फ्रान्सिस त्याच्यानंतर काही वर्षे जगली. त्याचे आत्मचरित्र आजही वाचायला मिळते आणि अतिशय मजेदार आहे, ते जरूर वाचावे. फक्त वाचताना प्रत्येक प्रकरणाला एक प्रश्न विचारावा: या महिन्यांत शेत कोण नांगरत होते?